आवडीचा आग्रह

मराठी पंगतीत आग्रह हा वाढण्याचाच एक भाग असतो. राजस्थानात त्याला मनुहार म्हणतात. इथे यजमान पाहुण्याच्या तोंडात आपल्या हाताने घास घालतो आणि पाहुण्याने दोनदा ‘नको’ म्हणणं गृहीतच असतं. जयपूरच्या जोहरी बाजारात दिवाळीच्या दिव्यांच्या माळा लागल्या की या मनुहारीला आणखी एक जोड मिळते. सुटीत घरी आलेली माणसं फराळाबरोबर गाणी, सिनेमे, चित्रं एकमेकांपुढे सरकवू लागतात. ‘हे ऐकलंच पाहिजे.’ ‘तो सिनेमा अजून पाहिला नाहीस?’ मराठी माणसाने तर या सवयीला छापील रूप दिलं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपला सण वाचनाच्या शिफारशींशिवाय पुरा होत नाही.

पण करंजीचा आग्रह आणि गाण्याचा आग्रह एकाच जातीचे आहेत का? करंजी नको म्हणणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, एवढंच. गाणं नको म्हणणाऱ्याविषयी मात्र आपण लगेच मत बनवतो. मग आपली आवड दुसऱ्याच्या गळी उतरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

सोपं उत्तर ‘ज्याची त्याची आवड’ हे आहे. ते सभ्य आहे, पण मला ते पुरत नाही. कांटने १७९० मध्ये एक साधा भेद दाखवला होता. ‘हे मला आवडतं’ म्हणताना मी माझ्याविषयी बोलते; ‘हे सुंदर आहे’ म्हणताना इतरांनाही ते तसं वाटावं अशी अपेक्षा धरते. ती अपेक्षा पुराव्याने सिद्ध करता येत नाही, आणि सोडूनही देता येत नाही. म्हणजे आग्रह हा आवडीला मागाहून चिकटलेला दोष नव्हे. खऱ्या आवडीत तो मुळातच असतो. मी अनुवादक आहे. एखादं पुस्तक आवडलं आणि ते शेजारच्या भाषेतल्या माणसाने वाचू नये असं मला वाटलंच नाही, तर हा धंदा मी कशासाठी करावा? ‘ज्याची त्याची आवड’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा दुसऱ्याच्या आवडीशी काही देणंघेणंच नसतं.

या आग्रहाची किंमत कोण मोजतं, तेही पाहायला हवं. माझ्या सासूबाई बिकानेरच्या. अल्ला जिलाई बाईंची माँड त्यांना फार प्रिय. महाराजा गंगासिंहांच्या दरबारात गायलेल्या या बाईंचं नाव निघालं की सासूबाईंच्या हातातलं काम थांबतं. पण सणात आमची मित्रमंडळी जमली, ख्याल आणि युरोपीय सिनेमा यांवर चर्चा रंगली, की त्या रेडिओ बारीक करतात आणि आतल्या खोलीत जातात. त्यांना कुणी काही बोललेलं नसतं. तरीही आपली आवड या बैठकीत बसण्याजोगी नाही, असं त्यांना वाटलेलं असतं. रसिकतेच्या गप्पांनी एखाद्याला स्वतःच्याच घरात आवाज बारीक करावा लागत असेल, तर त्या आग्रहात काहीतरी अनैतिक आहे असं मी म्हणेन.

जयपूरच्याच नावाच्या घराण्यात या प्रश्नाची दुसरी बाजू सापडते. अल्लादिया खाँ जन्मले उनियाऱ्यात, १८५५ साली. त्यांची गायकी फुलली मात्र कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी आणि पुढे मुंबईत. ती पेलली गोव्या-महाराष्ट्रातल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी. आज ‘जयपूर’ हा शब्द गाण्याच्या संदर्भात जयपूरपेक्षा पुण्या-मुंबईत अधिक ऐकू येतो. या परंपरेत आग्रह होता तो शिकणाऱ्याचा. केसरबाईंनी खाँसाहेबांकडे शिकायला मिळावं म्हणून चिकाटी धरली आणि १९२१ पासून वर्षानुवर्षं तालीम घेतली. स्वतःचं गाणं कुठे, कुणापुढे, कसं ऐकलं जावं याबाबत त्या अत्यंत काटेकोर होत्या. गाणं श्रोत्याच्या दारी जात नसे, श्रोत्याने गाण्याच्या दारी यावं लागे. यात दर्प होता, पण त्याबरोबर एक प्रामाणिकपणाही होता: ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी राग सोपा करायचा नाही.

आणि तरीही त्यांच्याच भैरवीची एक ध्वनिमुद्रिका पृथ्वीबाहेर गेली. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाच्या आग्रहामुळे १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत तिला जागा मिळाली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं. १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. हा आग्रह मला सर्वांत निर्मळ वाटतो, कारण तो करणारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेला नाही. वस्तू पुढे ठेवली, अंगुळभरही सोपी केली नाही, आणि हात मागे घेतला.

सोपी करण्याचा मोह किती मोठा असतो ते विजयदान देथांच्या ‘दुविधा’ या कथेवरून कळतं. बोरुंद्यात बसून राजस्थानीत लिहिणाऱ्या देथांची ही कथा मणि कौल यांनी १९७३ मध्ये पडद्यावर आणली, आणि अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’ म्हणून. भूत व्यापाऱ्याच्या मुलाचं रूप घेऊन त्याच्या नववधूबरोबर संसार करतं. कौल यांच्या चित्रपटात भूत कोंडलं जातं आणि तिच्या वाट्याला न विचारता नवरा येतो. ‘पहेली’त भूत नवऱ्याच्याच देहात शिरतं आणि तिला हवं ते मिळतं. सुटीत घरी आलेल्या पाहुण्यांना ‘पहेली’ दाखवला तर सगळे शेवटपर्यंत बसतात. ‘दुविधा’ लावला तर पंधरा मिनिटांत चहाची आठवण होते. मी ‘पहेली’ला नावं ठेवत नाही, पालेकरांनी तिच्या इच्छेला न्याय दिला, हाही एक अर्थ आहे. पण तिची निवड कुणीच विचारात घेत नाही ही मूळ कथेतली जखम ज्याला सांगायची आहे, त्याने पंधराव्या मिनिटाला उठून जाणारा पाहुणा सोसला पाहिजे. पाहुण्याने खावं म्हणून कारल्यात इतका गूळ घालायचा की कारलं उरूच नये, याला आग्रह म्हणता येत नाही.

मग हक्क कुठून येतो? मला वाटतं, तो मनुहारीच्या रीतीतच आहे, आणि ती रीत दुतर्फी आहे. आज घास भरवणारा उद्या कुणाच्या तरी घरी पाहुणा असतो आणि तिथे त्याला तोंड उघडावं लागतं. ज्याने दुसऱ्याच्या आवडीचं काही पूर्ण, मध्येच न उठता ऐकलेलं नाही, त्याने ‘हे ऐकच’ म्हणू नये. सासूबाईंच्या शेजारी बसून माँड ऐकताना मला आधी तो एक हलका प्रकार वाटत असे. मराठी रंगभूमीनेही माँड आपलीशी केली हे मला पुस्तकातून ठाऊक होतं; त्यात वाळवंटातली वाट पाहणं कसं मावतं, हे त्यांनी दाखवलं. नंतर एकदा त्यांनीच विचारलं, ‘तुमच्या त्या केसरबाई काय गातात, लाव बघू.’ भैरवी संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आवाज मोठा आहे. पण माझ्या बाईंसारखा नाही.’

त्यावर वाद घालण्यासारखं पुष्कळ आहे, आणि आम्ही तो घालतो. आता त्या रेडिओ बारीक करत नाहीत.