डावे-उजवे कोणी केले?

पांडुरंगाचे ध्यान समचरण आहे. दोन्ही पाय विटेवर सारखे, दोन्ही कर कटीवर. पण त्या करांकडे नीट पाहावे. एकात शंख, तर दुसऱ्यात कमळाचा देठ. साधकाच्या मनात येणारा एक जुना प्रश्न इथेच उभा राहतो. जो सर्वांना सम, त्याच्या सृष्टीत एवढा भेद का? आणि भेद आहे म्हणून उच्च-नीचही खरेच मानायचे का?

लोखंडाचे उदाहरण घेऊ. ते सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याची चुंबकशक्ती जाते. आतल्या सूक्ष्म चुंबकांची तोंडे दाही दिशांना होतात. कोणतीच दिशा खास उरत नाही. निवू लागले की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या बाजूला वळतो आणि एकेक समूह एकेक दिशा धरतो. निसर्गाच्या नियमाला सर्व दिशा सारख्याच होत्या. पण कोणती तरी एक धरल्यावाचून चुंबक होतच नाही. शास्त्रज्ञ याला सममितिभंग म्हणतात. समत्व नियमात राहते, भेद रूपात येतो.

मातेच्या उदरातही असेच घडते. आरंभी गर्भाची डावी-उजवी बाजू सारखी दिसते. पुढे एका इवल्याशा खळग्यात केसाहून बारीक तंतू गरगर फिरू लागतात, त्यांनी तिथला द्रव डावीकडे वाहतो, आणि त्या प्रवाहातून शरीराला आपली डावी बाजू कळते. जपानी संशोधकांनी १९९८ साली उंदराच्या गर्भात हा प्रवाह दाखवला. ज्यांचे हे तंतू जन्मतःच हलत नाहीत, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांचे हृदय उजवीकडे येते. दहा हजारांत साधारण एका माणसाचे सगळेच अवयव असे आरशातल्यासारखे उलट असतात, आणि त्यांतले बहुतेक निरोगी जगतात.

आपण मात्र भाषेतच निवाडा करून टाकला. सरस ठरला तो उजवा, कमी पडला तो डावा. देहाने असा निवाडा केलेला नाही. हृदय डावीकडे झुकलेले आहे म्हणून त्याचा मान उणा होत नाही.

कोणी म्हणेल, भेद निसर्गातलाच, मग उच्च-नीचही निसर्गाचेच. ही पळवाट आहे. लोखंडाने एक दिशा धरली, म्हणून बाकीच्या दिशा हीन झाल्या नाहीत. कोणत्या घरी जन्मलो, हे आपल्या हाती नव्हते; मग त्याचा ताठा कशाला? आणि एकाच्या ताटात चार भाकरी, दुसऱ्याचे ताट रिकामे, ही तर माणसांनीच केलेली वाटणी आहे. तिचा जाब देवाला विचारता येत नाही.

वारीत थोरला धाकट्याच्या पाया पडतो, धाकटा थोरल्याच्या. तिथेही कोणी वीणेकरी, कोणी टाळकरी, कोणी पखवाज वाजवतो, कोणी माय डोईवर तुळस घेऊन चालते. सगळ्यांचे काम एकच असते तर दिंडी उभीच राहिली नसती. कामे वेगळी, पण माथा सर्वांपुढे लवतो. गावी परतल्यावर पंक्तीत वाढताना आपला हात कोणाच्या ताटापाशी आखडतो, तेवढे आपले आपण पाहावे.