लांब पल्ल्याची शिकवण

सायकलवरून लांब जाणाऱ्या माणसाला नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी हमखास एकच प्रश्न विचारतात: 'मग, किती किलो उतरलं?' प्रश्नात आपुलकी असते, पण एक समजूतही दडलेली असते. सायकल हे चरबी जाळायचं यंत्र आहे; जितके किलोमीटर जास्त, तितकी चरबी कमी. हिशेब मांडला की ही समजूत टिकत नाही.

सत्तर-ऐंशी किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने १०० किलोमीटर गेला, तर साधारण २००० ते २५०० कॅलरी खर्च होतात. शरीरातल्या एक किलो चरबीत ७७०० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दिवसभर घाम गाळून, वर एकही घास जास्त न खाता, साधारण ३०० ग्रॅम चरबी जाणार. संध्याकाळी वजनकाट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतं ते बहुतांशी पाणी असतं. दोन दिवसांत ते परत येतं. आणि परतीच्या वाटेवर भूक खवळलेली असताना मिसळीवर जास्तीचे पाव आणि पाठोपाठ जिलबी झाली, तर त्या ३०० ग्रॅमचाही हिशेब मिटतो.

तरीही पुण्यात, नाशकात, नागपुरात अशी माणसं भेटतात, ज्यांना लांबच्या सायकलिंगने खरोखर बदलून टाकलं आहे. जिना चढताना धाप लागणारा माणूस वर्ष-दोन वर्षांत घाट चढतो. पट्ट्याला आतल्या बाजूला नवी भोकं पाडावी लागतात. रिपोर्टमधली साखर खाली येते आणि डॉक्टर स्वतःहून गोळीचा डोस कमी करतात. नुसत्या कॅलरींच्या हिशेबातून याचा उलगडा होत नाही. मला त्याचं कारण पल्ल्यात दिसतं. लांब जायचं ठरवलं की माणसाला आपली सगळी राहणी त्या पल्ल्याच्या मापाने बेतावी लागते. राहणी बदलली की वजन मागाहून उतरतं.

हे कसं घडतं ते शरीराच्या कारभारातच पाहायला मिळतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा. जोर लावून सायकल हाणली तर दोन-अडीच तासांत तो संपत येतो. मग पाय एकदम शिशासारखे जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, साधा चढही डोंगरासारखा वाटतो. २०-२५ किलोमीटरच्या फेरीत हा प्रसंग येत नाही. तिथे इच्छाशक्तीवर निभावून जातं. पण १०० किलोमीटरच्या पुढे इच्छाशक्तीची उधारी चालत नाही. तिथे शरीराला चरबीवर चालायला शिकवावं लागतं, आणि ते शिक्षण फक्त संथ, दीर्घ आणि नियमित सरावातून मिळतं. महिनोन्महिने असा सराव झाला की स्नायूंत रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जाकेंद्रं वाढतात आणि तोच वेग हृदयाच्या कमी ठोक्यांत साधतो.

वाईहून पाचगणीकडे निघालेल्या पसरणी घाटात हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. नवखा गडी पहिल्या वळणाला मोठ्या गिअरवर उभा राहून पायडल मारतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला कठड्याला टेकून हाशहुश करत बसतो. मुरलेला सायकलस्वार पायथ्यालाच हलका गिअर टाकतो, सीटवरून हलत नाही, पाय भराभर पण हलके फिरवतो. त्याची कसोटी एकच: शेजारच्याशी एक पुरतं वाक्य बोलता आलं पाहिजे. श्वास तुटायला लागला की तो वेग कमी करतो. खिशात केळं, खजूर, खारे शेंगदाणे, गुळपोळीचा तुकडा. दर अर्ध्या-पाऊण तासाला एक घास, आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचे दोन घोट. भूक लागण्याची तो वाट पाहत नाही.

ही शहाणीव जुनी आहे. फ्रान्समधल्या सेंट एतिएन गावचे पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) 'व्हेलोसियो' या टोपणनावाने सायकलप्रवासाविषयी लिहीत. भुकेच्या आधी खावं, तहानेच्या आधी प्यावं, पहिल्या काही तासांत अंगात जोर आहे म्हणून वेग वाढवू नये, आणि केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. तो नीट वाचला तर लक्षात येतं की यातला जवळजवळ प्रत्येक नियम स्थूलतेच्या मुळाशी असलेल्या सवयींवर बोट ठेवतो. आपण भूक नसताना खातो किंवा भुकेने कासावीस झाल्यावर हादडतो. आपण जानेवारीत जिम लावून पहिल्याच आठवड्यात अंग मोडून घेतो आणि फेब्रुवारीत घरी बसतो. आपण दुसऱ्याच्या नजरेसाठी बारीक होऊ पाहतो. लांबचा पल्ला या तिन्ही सवयींना त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर जाब विचारतो.

म्हणूनच मला ब्रेव्हेची, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, परंपरा मोलाची वाटते. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने घालून दिलेल्या या पद्धतीत २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो. वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी ठरल्या वेळेच्या फार आधी पोहोचलात तरी शिक्का मिळत नाही, थांबावं लागतं. थांबे धरून ताशी १५ किलोमीटरचा वेग राखला तरी २०० किलोमीटर वेळेत होतात. १८९१ मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आज चार वर्षांतून एकदा होते, १२०० किलोमीटरची, ९० तासांची. तिचाही पाया हाच. इथे तरुण खेळाडूच्या शेजारी पन्नाशीतला बँक कर्मचारी आणि साठीतल्या निवृत्त शिक्षिका त्याच रस्त्यावर असतात, आणि शिक्का तिघांनाही सारखाच मिळतो. वजनाने संकोचलेल्या माणसाला अशी जागा आपल्या समाजात फारशी मिळत नाही. शाळेच्या मैदानापासून त्याला शर्यतीत शेवटचा येण्याचीच सवय लागलेली असते.

वजनाचा आकडा आरोग्याचं माप म्हणून किती अपुरा आहे, हे पुण्यातल्याच एका संशोधकाने जगाला दाखवून दिलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबी दडलेली असते आणि स्नायू कमी असतात, हा त्याचा अर्थ. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीचा २०२३ मधला अंदाज या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. आपल्याला नुसती चरबी घटवून भागणार नाही, स्नायू कामाला लावावे लागतील. मांडीचा स्नायू काम करत असताना रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस तो इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. काट्यावर काहीच हललं नाही त्या आठवड्यातही हे काम चालू असतं.

लंडनच्या जेरी मॉरिस यांचं संशोधन याला दुजोरा देतं. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असं त्यांनी १९५३ मध्ये दाखवलं. ड्रायव्हर मुळातच जाड असतील, अशी शंका घेऊन त्यांनी दोघांच्या गणवेशाच्या विजारींची कंबरेची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी खरंच रुंद निघाल्या. पण पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की बारीक, मध्यम वा जाड, कुठल्याही मापाचा कंडक्टर ड्रायव्हरच्या मानाने सुरक्षितच होता. जाड माणसाला चालतं-फिरतं राहण्यासाठी वजन उतरण्याची वाट पाहायची गरज नाही, एवढा दिलासा यातून नक्की मिळतो.

पल्ल्याचं दुसरं टोक गाठणारी माणसंही आपल्यात आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, तर लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने २०१७ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण आरोग्याचा लाभ त्याच्या कितीतरी आधी, आठवड्याला चार-पाच तासांच्या शांत सरावातच हाती येतो. पुढचा पल्ला हौसेचा आणि जिद्दीचा असतो, आणि त्याची किंमतही असते: गुडघा, मान, मनगट, आणि अपुरी झोप. रात्रभर जागून ४०० किलोमीटर काढायचे आणि आठवडाभर चिडचिड करत घरच्यांशी वागायचं, याला आरोग्य म्हणता येणार नाही. छातीत दडपण आलं, घेरी आली, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा असतो. त्या वेळी जिद्द दाखवणं हा जिवाशी खेळ आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपण आरोग्याचं सगळं ओझं माणसाच्या निर्धारावर टाकतो. पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. ती सायकल पुणेकरांच्या हातून सुटली ती केवळ आळसामुळे, असं मी मानत नाही. रस्ते मोटारींसाठी रुंद झाले, उड्डाणपुलांनी सायकलला बाजूला सारलं, आणि जे सायकल मार्ग आखले त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या. पहाटे अंधारात एकट्याने निघायचं, हे बाईला पुरुषाइतकं सोपं नाही. नेदरलँड्समध्येही सत्तरच्या दशकात रस्त्यांवर मुलं मरू लागली होती. लोक रस्त्यावर उतरले, सरकारला धोरण बदलावं लागलं, आणि स्वतंत्र सायकल मार्ग उभे राहिले. तिथल्या आजीबाई आज बाजारहाट सायकलवरून करतात, यात त्या रस्त्यांचा वाटा मोठा आहे.

म्हणून वाचणाऱ्याला माझं सांगणं दोन्हीकडचं आहे. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तर आधी तपासणी करून घ्या. घरातली जुनी सायकल दुकानात नेऊन ब्रेक आणि टायर नीट करा. सीटची उंची अशी ठेवा की पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली की पाय सरळ होईल. गुडघेदुखीच्या बऱ्याच तक्रारी तिथेच टळतात. हेल्मेट घाला, मागचा लाल दिवा लावा. पहिले तीन महिने वजनकाटा कपाटात ठेवा आणि फक्त एवढं बघा की गेल्या महिन्यापेक्षा थोडं लांब, तितक्याच सहज श्वासाने जाता येतं का. आणि पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा, आमच्या प्रभागात मुलाला सायकलवरून शाळेत सुखरूप पाठवता येईल असा रस्ता कधी होणार? पहिलं काम तुमच्या हातात आहे. दुसरं आपण सगळ्यांनी मिळून मागितल्याशिवाय होणार नाही.