गाणं काही विचारत नाही

“काय गं, गोड बातमी कधी?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण जिचे उपचार चालू आहेत, जिला दिवस गेले होते आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, तिला उत्तर सुचत नाही. ती हसते आणि विषय बदलते. सांत्वन करणाऱ्यांनाही तिलाच सांभाळून घ्यावं लागतं. कुणी “होईल सगळं नीट” म्हटलं, की तिने “हो” म्हणायचं. अशा दिवसांत गाण्याचा मोठा आधार वाटतो. गाणं सोबत करतं आणि उलट काही मागत नाही. डोळे भरले तरी ते आपलं चालूच राहतं.

आपल्या आज्या-पणज्यांना ही सोबत ठाऊक होती. पहाटे जात्यावर बसलं की ओवी सुरू व्हायची. तिच्यात माहेर यायचं, भाऊ यायचा, विठ्ठल यायचा आणि रिकाम्या ओटीचं दुःखही यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. चारचौघांत जे बोलायची सोय नव्हती, ते बायका जात्याला सांगत. दळण संपेपर्यंत दुःख संपत नसे. पण ते एकदा मनाबाहेर आलेलं असे, आणि पुढच्या कामाला हात लावता येई.

आता जातं नाही, पण सकाळची दहा मिनिटं काढता येतात. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावा, अभंग लावा, नाहीतर कॉलेजातलं आवडतं सिनेमाचं गाणं. आवाज कसाही असो, सोबत गुणगुणा. गुणगुणताना श्वास सावकाश सुटतो आणि आवळलेलं अंग जरा सैल पडतं. मध्येच एखादी अंगाई लागली आणि गलबलून आलं, तर खुशाल बंद करा. कधी नवऱ्यालाही शेजारी बसवा. आस त्यानेही लावलेली असते, फक्त त्याला कुणी विचारत नाही. गाण्याने मूल होत नाही, उपचार डॉक्टरांचेच. पण “मी पपई खाल्ली म्हणून, जिना चढले म्हणून” ही टोचणी तेवढा वेळ थांबते. ती खरीही नसते. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ जातो तो बहुतेक वेळा गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे, आणि त्यात आईची काही चूक नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं, की जगात साधारण दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. म्हणजे आपल्या कचेरीत, आपल्या जिन्यावर, लोकलच्या आपल्या डब्यातही असं कुणीतरी असणारच. आज ती भेटली, तर ‘बातमी’चा प्रश्न ओठांवरच राहू द्या. एखादं छान गाणं पाठवा आणि खाली लिहा, “ऐकताना तुझी आठवण आली. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.”