ठेवून जाणं आणि सोडून जाणं

आजचं वाचन: महाभारत, महाप्रस्थानिक पर्व, अध्याय ३



दिवाळीची सुट्टी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो ठाण्यातल्या एका वाचक मुलीनं विचारलाय. घरचे सगळे आठ दिवस काशीला निघालेत. घरातल्या लॅब्राडॉरला मुरबाडजवळच्या एका डॉग बोर्डिंगमध्ये ठेवायचं ठरलंय. पण आजी म्हणाली, "धर्मराजानं कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, आणि तुम्ही देवदर्शनासाठी कुत्र्याला टाकून निघालात?" तेव्हापासून हिला तिकीट रद्द करावंसं वाटतंय. ती विचारते, हे पाप आहे का?

आजीचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. म्हणून तोच अध्याय आज जरा सावकाश वाचूया.

पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापूर सोडून निघाले, तेव्हा एक कुत्रा आपणहून त्यांच्या मागे लागला. हिमालयाच्या वाटेवर आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. उरले दोघं, युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चल, पण कुत्र्याला इथंच सोड. युधिष्ठिर नाही म्हणाला.

त्यानं दिलेलं कारण नीट बघा. "मला याचा लळा लागलाय" असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, हा माझा भक्त आहे, माझ्या आसऱ्याला आलाय. शरण आलेल्याला घालवून देणं, स्त्रीहत्या, ब्राह्मणाचं धन लुबाडणं आणि मित्रद्रोह ही चार पापं एका पारड्यात घातली, तर दुसऱ्या पारड्यात एकटा 'भक्तत्याग' तेवढाच भरतो. भक्त हा शब्द इथं कुत्र्यासाठी आलाय!

मग इंद्र त्याला कोंडीत पकडतो. भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग कुत्र्यापाशीच का अडलास? युधिष्ठिराचं उत्तर असं: ते मेले होते, त्यांना परत उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही. म्हणजे मागे राहिलेला प्रत्येक जण टाकलेला असतो, असं शास्त्रही मानत नाही. ज्याच्यासाठी काही करणं अजून आपल्या हातात आहे, त्याच्याकडे पाठ फिरवणं, याला त्याग म्हटलंय.

मराठीत हा फरक फार सोपा आहे. एक असतं ठेवून जाणं, दुसरं सोडून जाणं. गावाकडं घरातलं माणूस आषाढीच्या वारीला निघालं की गाई-बैल शेजाऱ्याच्या किंवा भाऊबंदाच्या हवाली करतं. त्यानं बैल टाकले, असं कुणी म्हणत नाही. गव्हाणीत वैरण पडणार, पाणी दाखवलं जाणार, हे ठरवूनच माणूस घराबाहेर पडतं. सोपवून निघालेल्या माणसाची वारी खोटी होत नाही.

पण इथं थांबलो तर आपण स्वतःला फार स्वस्तात सोडू. बैल आपल्याच गोठ्यात राहतो. कुत्र्याला आपण गाडीत घालून अनोळखी जागी नेतो आणि तिथून एकटेच परततो.

गेल्या मे महिन्यात मी सरळगावच्या बाजूला असंच एक बोर्डिंग बघायला गेले होते. मुंबई, ठाणे, कल्याणच्या लोकांसाठी शहापूर-मुरबाड हा जवळचा मोकळा पट्टा, त्यामुळे अशा जागा इकडं वाढल्यात. तिथला पोरगा जवळच्याच पाड्यावरचा. तो म्हणाला, "ताई, पहिले दोन दिवस यांचं तोंड फाटकाकडंच. रस्त्याला गाडी वाजली की उठून उभे राहतात. मालकाची नाही कळलं की परत बसतात. मग तिसऱ्या दिवशी नीट जेवतात."

मी विचारलं, "तुझी दिवाळी कशी होते?"

"यांच्यासंगंच. तेव्हाच तर जास्त असतात. तुम्ही लोकं परत आलात की मग आम्ही घरी."

परतताना ही दोन्ही वाक्यं मनातून जाईनात.

पहिलं वाक्य कुत्र्याबद्दलचं. आपल्या हातात परतीचं तिकीट असतं. त्याला तारीख कळत नाही, काशी कळत नाही. आठ दिवस आणि कायमचे, यातला फरक त्याला कुणी सांगू शकत नाही. तरी तो गाडीच्या आवाजाला उठून उभा राहतो. मित्रांनो, आपण रोज देवापुढे हात जोडून काय मागतो? मला अंतर देऊ नकोस, एवढंच ना? भक्ताची जागा आपल्याला ओळखीची आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण दुसऱ्या बाजूला उभे आहोत. इथं विश्वास ठेवणारा तो, आणि ज्याच्यावर ठेवला ते आपण. आपण शब्द मोडला तरी तो कुणाकडे तक्रार करणार नाही. म्हणूनच तो शब्द जास्त पाळायचा.

आणि तो मोडणारे आहेत. पावसाळ्यात फार्महाऊसच्या राखणीला पिल्लू आणायचं आणि पुढे गेटला कुलूप लावून शहरात परतायचं. नाशिक हायवेच्या ढाब्यांवर गळ्यात पट्टा असलेली जातिवंत कुत्री उष्ट्यासाठी फिरताना मी पाहिलीत. तो पोरगाही सांगत होता, एका कुत्र्याच्या मालकाचा फोन महिनाभर लागलाच नाही. जनावराला उपाशी-तहानेलं राहायची वेळ येईल असं विनाकारण टाकून देणं, हा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! त्यामुळे खरा धाक कायद्याचा नाही, मनाचाच उरतो.

महाभारताच्या सुरुवातीलाही एक कुत्रं आहे, ठाऊक आहे? आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका पिल्लाला मारतात. त्यानं हविर्द्रव्याकडे पाहिलंही नव्हतं, चाटलंही नव्हतं. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. ती येऊन जाब विचारते, त्यांच्याकडे उत्तर नसतं, आणि ती जनमेजयाला शाप देते. निरपराध कुत्र्याला मारणारे त्या ग्रंथाच्या आरंभी, आणि आसऱ्याला आलेल्या कुत्र्यासाठी रथ नाकारणारा शेवटाकडे. दोघं एकाच कुळातले.

आता दुसरं वाक्य, त्या पोराच्या दिवाळीचं. आपली सुट्टी त्याच्या न मिळालेल्या सुट्टीवर उभी असते. "पैसे देतो की" म्हणून हे फिटत नाही. ज्याच्या हाती आपला भक्त सोपवला, त्याचं नाव तरी माहीत हवं. फोन केला तर आधी "तू जेवलास का?" विचारावं, मग कुत्र्याचं.

तर त्या मुलीला माझं उत्तर: तिकीट रद्द करू नकोस. काशीच्या गर्दीत किंवा रेल्वेच्या गार्डाच्या डब्यातल्या पेटीत त्याला कोंडून नेलं, तर ती आपल्या मनाची समजूत, त्याचं सुख नव्हे. पण बोर्डिंग फोटो बघून ठरवू नकोस, स्वतः जा. मुरबाड-शहापूरकडं जंगल जवळ आहे, बिबट्याचा वावर आहे. रात्री कुत्री बंद खोलीत असतात का, ते बघ. लसीचे कागद मागतात का? न मागणारी जागा टाळ, कारण ते दुसऱ्यांचेही मागत नसणार. आजारी पडला तर डॉक्टर किती लांब आहे, ते विचार. आधी एक रात्र ठेवून बघ, म्हणजे तू परत येतेस हे त्याला एकदा अनुभवानं कळेल. सोबत घरातली न धुतलेली चादर दे. तो म्हातारा किंवा आजारी असेल, किंवा जेवणच सोडत असेल, तर घरातल्या एकानं मागे राहावं. त्या एकाची काशी घरातच झाली असं समज. आणि आजीला सांग, तुझ्यामुळे आम्ही नीट चौकशी केली.

आजचा संकल्प छोटाच. आपल्यावर विसंबून असलेला पण आपल्याला जाब विचारू न शकणारा एक जीव आठवूया. कुत्रं असेल, घरातले आजोबा असतील, गॅलरीतली तुळस असेल. सुट्टीला निघण्याआधी त्याची सोय लावूया, आणि ठरल्या दिवशी परत येऊया.

राम कृष्ण हरी!