आधी हंडा, मग सळी

कामतघरला वऱ्हाळदेवी तलावाजवळ एक आजी राहायची. नातू यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. घरात धुण्याच्या पाण्याचा एक जर्मनचा हंडा होता. ॲल्युमिनियमला आपल्या आयाबाया जर्मनच म्हणतात. त्याच्या बुडाला चीर गेली. भंगारात दोन पैसे आले असते, पण नातवाने ॲल्युमिनियम जोडायच्या सळ्या आणि छोटा गॅसटॉर्च आणला.

चिरेवर सळी धरून त्याने ज्योत थेट सळीवर सोडली. सळी झटकन वितळली आणि अळवावरच्या पाण्यासारखी घरंगळून खाली पडली. दुसरीची तीच गत, तिसरीचीही.

"फसवलं दुकानदारानं!"

आजी तांदूळ निवडत होती. "कल्हईवाला कथील भट्टीत धरायचा का रे?"

"मी कुठं पाहिलाय कल्हईवाला?"

"मी पाहिलाय. आधी पातेलं लख्ख घासायचा. मग भात्यावर तापवायचा, नवसागर टाकायचा आणि कथील त्या तापल्या पातेल्यालाच टेकवायचा. जे जोडायचं ते आधी तापलं पाहिजे, बाळा. जोडणारं मग आपणहून पाघळतं."

नातवाने हंडा उपडा घातला. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तो 2000 अंशांनाही वितळत नाही. म्हणून त्याने स्टीलच्या तारेच्या नव्या ब्रशने चीर खरवडली. मग ज्योत हंड्यावर, चिरेच्या आजूबाजूला फिरवत ठेवली. इथे घाई नडते. सळी 390 अंशांच्या आसपास वितळते आणि हंडा 660ला. पण ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, एकदम भोक पडतं. म्हणून तो मधूनमधून ज्योत बाजूला करून सळी टेकवून बघत होता. चौथ्यांदा टेकवली तेव्हा ती लोण्यासारखी पसरली. वितळल्या धातूखालूनही त्याने ब्रशची तार फिरवली, उरलेला पापुद्रा सुटावा म्हणून. हंडा आपोआप गार होऊ दिला आणि पाणी भरून रात्रभर ठेवला. सकाळी खालची फरशी कोरडी होती.

मग काय, स्वारीला चेव चढला! तडा गेलेला कुकर घेऊन तो आजीपुढे उभा राहिला.

आजीने तो हातातून काढून घेतला. "हंडा गळला तर पाय भिजतील. हा फुटला तर?"

कुकरात शिटीच्या वेळी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोचा दाब असतो. तो कुकर त्याच दिवशी भंगारात गेला. तुमच्या घरात तसा असेल, तर तोही जाऊ द्या.