पुन्हा मांडलेला डाव

खेळात घडलेल्या कर्माला पाप-पुण्य चिकटते काय, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. सावंतवाडीच्या गंजिफांपासून देवळाच्या ओसरीवरील सोंगट्यांपर्यंत खेळ आपल्याकडे नेहमीच होते, आणि त्यांवरून घरोघरी वादही होते. हल्ली मात्र हा प्रश्न एका निराळ्याच वाटेने पुढे आला आहे. होळकरशाहीपासून इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतून ज्या मुलांनी 1990 नंतरच्या दशकात प्रथम संगणक पाहिला, ती आता चाळिशीला पोचून संसारात स्थिरावली आहेत. त्यांपैकी कित्येकजण, घरातली निजानीज झाल्यावर, तेव्हाचेच साहसाचे व सोंग घेऊन खेळावयाचे व्हिडिओ गेम पुन्हा उघडून बसतात. एवढ्या वयात हा पोरखेळ कशासाठी, असे वडीलधारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तथापि ‘वेळेचा अपव्यय’ एवढे म्हणून त्यातून मोकळे होणे आम्हांस पटत नाही.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा का अनुभवावी, ही शंका तर आपण मनात आणूच नये. संकासुराचा वध होणार हे दशावताराच्या प्रेक्षकाला ठाऊक नसते काय? तरी जत्रेच्या रात्री तो पहाटेपर्यंत जागतोच. परंतु प्रेक्षक पाहतो, श्रोता ऐकतो. कीर्तनात सत्त्वपरीक्षा हरिश्चंद्राची होते, आपली होत नाही. या खेळांत निवड खेळणाऱ्यालाच करावी लागते, आणि भेद येथेच आहे.

जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने रचलेला 1989 सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ अनेकांना आठवत असेल. साठ मिनिटांत बंदिवान राजकन्येपर्यंत पोचावयाचे. वाटेत खड्डे, सुळे, तलवारबाज पहारेकरी. मध्येच राजपुत्र एका आरशातून उडी घेतो आणि त्याची छाया त्याच्यापासून सुटून पळते. पुढे ती त्याच्या वाटेत विघ्ने आणते व अखेरीस तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार करावा तर घाव आपल्यालाच बसतो. उपाय एकच: तलवार म्यान करावयाची. मग दोघे एकरूप होतात. संगणकाच्या स्मृतीत नव्या पात्रास जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच चित्रातून ही छाया घडवली गेली, हे वाचून आम्हांस मौज वाटली. अडचणीतून अद्वैत निघाले म्हणावयाचे!

दुसरा खेळ अधिक विचारात पाडणारा आहे. रिचर्ड गॅरियट याच्या ‘अल्टिमा’ मालिकेतील हा चौथा खेळ 1985 सालचा. आधीच्या तिन्ही खेळांत चोरी केली, निरपराध्यांना मारले, तरी अखेर दुष्टाचा नाश झाला की विजय तुमचाच. चौथ्यात मारावयास कोणी महादुष्टच नाही. सत्य, प्रेम व धैर्य या तत्त्वांतून निघालेले आठ गुण, म्हणजे प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता, अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे. शब्द आपला, दिशा मात्र उलटी: आपला अवतार वरून खाली उतरतो, हा खालून वर चढतो. या राज्यात मंत्रांना लागणारी द्रव्ये विकणारे दुकानदार आंधळे आहेत. ते किंमत सांगतात. किती नाणी ठेवावयाची, तो आकडा खेळणारा स्वतः टाकतो. कमी ठेवली तरी माल हाती येतो. कोणी ओरडत नाही, शिपाई धावत नाही. फक्त यंत्राच्या पोटात प्रामाणिकपणाचा अंक घसरतो, आणि तो पडद्यावर दिसत नाही. भिकाऱ्याला दान दिले की करुणेचा अंक वाढतो, तोही असाच मुक्याने.

आमच्या सराफ्यात सोने तोलताना काटा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे असतो. येथे काटा झाकलेला. पहिल्यांदा खेळणारा त्या आंधळ्यापुढे खरोखर एकटा असतो. त्याने पूर्ण दाम दिले तर ते स्वभावाने दिले. पुन्हा खेळणाऱ्याचे तसे नाही. त्याला चित्रगुप्ताची वही ठाऊक झालेली असते. कृती तीच, पण पहिल्या वेळी जे पुण्य होते तो दुसऱ्या वेळी व्यापार झाला! हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही, कारण तो खेळापुरता राहत नाही. नवस बोलून देवळाची पायरी चढणाऱ्या आपणां सर्वांनाच तो लागू आहे. कर्माला फळ असते हे बालपणापासून ऐकलेल्या माणसाने निष्काम व्हावे तरी कसे?

आमच्या मते फळ ठाऊक असणे आणि फळासाठी करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या खेळाडूला आणखीही एक ठाऊक असते: एखाद्या वेळी नाणी चुकवली तरी तो अंक पुढे भरून काढता येतो. जिंकण्यासाठी प्रत्येक खेपेस प्रामाणिक राहण्याची गरजच नाही. इतके कळूनही जो पूर्ण दाम देतो, त्याला हिशेबी कसे म्हणावे? त्याला फसवणेच नकोसे झालेले असते.

या खेळांतील एका सोयीकडे मात्र आम्ही संशयाने पाहतो. डाव जपून ठेवता येतो आणि बिघडला की मागल्या ठिकाणाहून पुन्हा सुरू करता येतो. महाभारतात धर्मराजाला ही सोय एकदा मिळाली होती. पहिल्या द्यूतात हरलेले सर्व धृतराष्ट्राने परत दिले, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले; मागून बोलावणे आले आणि युधिष्ठिर परतून त्याच फाशांपुढे बसला. अहिल्याबाईंच्या वाट्याला तर अशी संधी आलीच नाही. 1791 साली जावई यशवंतराव फणसे निवर्तले, आणि आईची विनवणी न मानता मुक्ताबाई सती गेल्या. इंदुरात ज्यांचे नाव आपण रोज घेतो, त्यांच्या आयुष्यातला तो दिवस पूर्ववत होणारा नव्हता.

आता एक अडचण उरते. बाप जुना खेळाडू आहे, शेजारी दहा वर्षांचा मुलगा प्रथमच तो खेळ खेळतो आहे, आणि पडद्यावर आंधळा दुकानदार किंमत सांगून थांबला आहे. वहीत नोंद होते, हे बापाने सांगावे काय? सांगितले तर मुलगा भयाने पूर्ण दाम देईल. आमचे मत विचाराल तर बापाने त्या क्षणी गप्प बसावे, आणि मुलगा कोणता आकडा टाकतो ते पाहावे.