माउखची पेन्सिल

एखाद्याचे घर लुटणे हा गुन्हा, याविषयी दुमत होणार नाही. पण घर उभेच ठेवून, ‘हे त्याने बांधलेलेच नाही’ असे जगास सांगत सुटणे, याला काय म्हणावे?

झिंबाब्वे देशात मास्व्हिंगोजवळ ग्रेट झिंबाब्वे नावाचे दगडी नगर आहे. शोना लोकांच्या पूर्वजांनी ते अकराव्या ते पंधराव्या शतकांत उभारले. मोठ्या आवाराच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटर. आणि एवढ्या कामात चुन्याचा थापा म्हणून नाही! ग्रॅनाइटचा दगड दगडावर नुसता बसवलेला.

१८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तेथे पोचला. एका तुळईच्या ढलप्या काढून त्याने आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिल्या व देवदार ठरवला. देवदार म्हणजे लेबनॉन, लेबनॉन म्हणजे राजा सॉलोमन. मग हा वाडा शेबाच्या राणीचाच! परमुलखातला एकटा माणूस. त्याची चूक हसून सोडून द्यावीशी वाटते.

रिचर्ड हॉलचे तसे नाही. १९०२ साली अवशेष जपण्यासाठी त्याला नेमले. आफ्रिकी वस्तीचे थर म्हणजे वर साचलेली घाण अशी समजूत करून घेऊन त्याने ते उपसून फेकले. खाली ‘खरे’ बांधणारे सापडायचे होते. खाली कोणी नव्हतेच. फेकले तेच बांधणारांचे दप्तर होते.

हॉल लबाड होता काय? मला तसे वाटत नाही, आणि पेच आहे तो येथेच. त्याची श्रद्धा खरी होती. फक्त ती सोयीची होती. १८९० पासून गोऱ्यांनी तो मुलूख बळकावलेला. तेथल्या माणसांना काही बांधता येत नव्हते असे ठरले की बळकावणाऱ्यास झोप बरी लागते. ज्या समजुतीवर आपले पोट चालते, ती तपासून पाहण्याचे ओझे दुप्पट असते. हॉलने ते उचललेच नाही. प्रामाणिकपणाची सबब मी त्याला देणार नाही.

१९०५ साली रँडल-मॅकायव्हरने आणि १९२९ साली गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसनने हे काम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले. तरीही १९६५ नंतरच्या ऱ्होडेशियन सरकारला ते उघड बोललेले खपत नसे. पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेकने १९७० साली देश सोडला.

१९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने त्या भिंतींचेच नाव घेतले. तेथला दगडी पक्षी ध्वजावर आला. हॉलने उपसलेली माती मात्र कोणत्या थरातली कोणती, हे आता कोणालाच सांगता येत नाही.